बांधलं सगळ्यांनी, चालवणार कोण?

घरात छोटी रेल्वे बांधणं सोपं आहे. ती वेळापत्रकानुसार चालवून दाखवा, मग बोलू!

एक काम करा. फोनमधलं नोट्स अ‍ॅप उघडा आणि गेल्या दोन वर्षांत तुम्ही धूमधडाक्यात सुरू केलेल्या गोष्टींची यादी करा. यूट्यूब चॅनल, पॉडकास्ट, गिटार, जर्मनचा क्लास, रोज एक पान डायरी. आता त्यातल्या आज सुरू असलेल्या किती, ते मोजा. मी मोजल्या. माझा स्कोअर आला अकरापैकी एक. आणि तो एकसुद्धा आईमुळे वाचलाय.

तो एक म्हणजे आमच्या हॉलमधली रेल्वे. सोफ्याच्या मागे, भिंतीला लागून आठ फूट लांब आणि एक फूट रुंद फळी. त्यावर रूळ, फलाट, कडुनिंबाचं झाड आणि एक छोटं डिझेल इंजिन. दादा आणि मी मिळून दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात घातल्या. पूर्ण झाली त्या दिवशी रिबन कापली, पेढे वाटले, रील टाकलं. ज्यांच्याशी मी कॉलेजात कधी बोललेही नव्हते, त्यांचे ‘हे कसलं भारी आहे’ असे मेसेज आले. आणि त्यानंतर पाच महिने आमची गाडी एक इंचही हलली नाही.

त्या पाच महिन्यांबद्दलच मला बोलायचंय. माझं म्हणणं असं आहे की आपण बांधण्यात हुशार आहोत आणि चालवण्यात कच्चे. हे मला कुठल्या सेमिनारमध्ये नाही, सोफ्यामागच्या आठ फुटांवर कळलं.

ही कुठली लाइन?

पाचोरा-जामनेर. जळगाव जिल्ह्याबाहेरच्या अनेकांनी नावही ऐकलं नसेल. तिथल्या लोकांसाठी ती नुसती ‘पीजे’. मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावरच्या पाचोऱ्याहून फुटणारी ५६ किलोमीटरची शाखा. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला संपायची. तिच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. २०२०च्या लॉकडाउनमध्ये सगळ्या गाड्यांसोबत तीही थांबली आणि थांबलीच. आता तिथं ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलंय. चांगलंच आहे. पण ती जुनी, छोटी गाडी काही परत येणार नाही.

आईचं माहेर शेंदुर्णी. कॉलेज पाचोऱ्याला. ती पीजेनं जायची. हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणजे ‘माहीत’ या शब्दाचा जेवढा कमीत कमी अर्थ होतो तेवढं.

आम्ही ही लाइन निवडली ती मात्र आईसाठी नाही, गणितासाठी. मॉडेल रेल्वेत ‘एचओ’ नावाचं लोकप्रिय प्रमाण आहे, १:८७. बाजारात मिळणारे एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनवलेत. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. त्याला ८७ने भागा, सव्वाएकोणीस येतात. म्हणजे घरात डेक्कन क्वीन करणाऱ्याची गाडी नेहमी जरा अरुंद रुळांवरच धावणार. पण ७६२ भागिले ८७ किती? ८.७६. आणि ‘एन’ गेजचे तयार रूळ मिळतात बरोब्बर ९ मिलिमीटरचे! मोठ्या गाड्यांना जे जमत नाही ते आपल्या पीजेला जमतं, हे कळल्यावर दादा रात्री साडेबाराला नाचला होता.

पुढचं गणित मात्र वाईट निघालं. ५६ किलोमीटर भागिले ८७ म्हणजे जवळपास ६४४ मीटर. आमची भिंत अडीच मीटरही नाही. मग काय ठेवायचं आणि काय कापायचं? पहिल्या चार फुटांत जामनेर, दुसऱ्या चार फुटांत शेंदुर्णी. आणि पाचोरा म्हणजे दोन फुटांची एक सुटी फळी. गाडी चालवायच्या वेळी अभ्यासाच्या टेबलावर ठेवून जोडायची. वरखेडी आणि पहूर गेलं. बाराशे शब्दांची बातमी चारशेत बसवताना माझं जे होतं, तेच इथं झालं.

गोल का नाही?

बहुतेक लोक सुरुवात करतात ती गोल ट्रॅकपासून. गाडी ठेवा, बटण दाबा, ती फिरत राहते. तिसऱ्या फेरीला तुम्ही फोन हातात घेता. तिला तुमची गरजच नसते.

शाखेची गोष्ट वेगळी. जामनेरला गाडी येते तेव्हा इंजिनासमोर रूळ संपतात आणि मागे डबे अडकलेले. परत जायचं तर इंजिन सोडवा, थोडं पुढे घ्या, सांधा बदला, शेजारच्या लूप लाइनवरून उलटं आणा, पुन्हा सांधा बदला आणि डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडा. एवढं झाल्याशिवाय गाडी पाचोऱ्याला जाणार नाही. शाखेवर आपोआप काहीही होत नाही, आणि मला वाटतं तीच तिची गंमत आहे.

जर्मनीत हॅम्बुर्गला ‘मिनिएचर वुंडरलँड’ आहे. २००१ साली सुरू झालेलं, हजाराहून अधिक गाड्या, त्यांना सांभाळणारे कॉम्प्युटर. बघून डोळे फिरतात. पण तिथं आपण प्रेक्षक. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. १९९८मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. लहानपणी मी तिथले सिग्नल आणि पूल बघून वेडी झाले होते. आज मला त्यातली जास्त मोठी गोष्ट ही वाटते की त्यांच्यानंतर घरच्यांनी ते चालू ठेवलं.

बांधणं: हा सोपा भाग

बांधकामाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते इंटरनेटवर भरपूर आहे. आठ बाय चारच्या प्लायमधून दुकानदाराकडूनच पट्ट्या कापून घेतल्या. घरं आणि फलाट सनबोर्डचे. जमिनीसाठी वाळवलेला चहाचा चोथा, अगदी खान्देशातल्या मातीसारखा दिसतो. खडी म्हणजे चाळलेली बारीक वाळू. ती रुळांमध्ये पसरायची आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे थेंब सोडायचे. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की गोंद वाळूत नीट मुरतो, नाहीतर वरच गोळे होतात. झाडं पिळलेल्या तारांची.

इंजिनासाठी सेकंड हॅण्ड ‘एन’ गेजच्या इंजिनाची चाकं आणि मोटर घेतली, वर आम्ही प्लास्टिक शीटची बॉडी चढवली. ते ‘झेडडीएम’ जातीचं आहे. झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं. करंट १२ व्होल्ट डीसी. तारा उलट्या केल्या की इंजिन उलटं धावतं. कंट्रोलरचे सुटे भाग बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मिळाले.

या सगळ्यात आम्ही शेकडो फोटो पाहिले. यूट्यूबवर पीजेचे व्हिडिओ पॉज करकरून स्टेशनच्या पाट्यांचा रंग ठरवला. आणि आत स्वयंपाकघरात, सात-आठ पावलांवर, त्या गाडीतून वर्षानुवर्षं प्रवास केलेली बाई पोळ्या लाटत होती. तिला आम्ही एकदाही काही विचारलं नाही.

चालवणं: इथं दम लागतो

दादाला बेंगळुरूला नोकरी लागली आणि तो गेला. त्यानंतरचे पाच महिने मी वर सांगितलेच. जामनेर यार्डात माझ्या असाइनमेंट्सचे कागद साठले. शेंदुर्णीच्या फलाटावर कुणीतरी चार्जर ठेवला. जुलैच्या पावसात प्लाय किंचित फुगला आणि दोन फळ्यांच्या जोडावर रूळ वर-खाली झाले.

एका रात्री आई धूळ पुसत होती. म्हणाली, ‘आज गाडी नाही का गं?’

‘दादा नाही ना. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो.’

‘मग मी बसते की पाचोऱ्याला.’

त्या रात्री गाडी काही चालली नाही. इंजिन दोन इंच गेलं आणि मेलं. चाकांवर काळा थर, रुळांवर धूळ आणि कुठेतरी तेलकट डाग. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना सुती रुमाल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या घेऊन आम्ही दोघी दीड तास पुसत बसलो. जोडावरचे रूळ मी दुसऱ्या दिवशी सरळ केले. तिसऱ्या रात्री गाडी जामनेरहून सुटली आणि पहिल्याच फेरीत आईनं चूक काढली. ‘शेंदुर्णीला इतकी कमी थांबत नव्हती. माणसं चढेपर्यंत थांबायची.’

मग ती बोलायलाच लागली. परीक्षेच्या दिवशी गाडी उशिरा आल्यावर तिला कसं रडू फुटलं होतं, खिडकीची जागा कुणी कुणासाठी धरायची, पावसात कुठल्या डब्यात गळायचं. बावीस वर्षांत मी यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. बांधकामानं यातलं काहीच बाहेर काढलं नव्हतं, हे सगळं थांब्याच्या वेळेवरून निघालं.

आता आमचे नियम आहेत. आठवड्यातून तीन रात्री गाडी. घड्याळ पळवायचं: आमची दहा मिनिटं म्हणजे पीजेचा एक तास. ही युक्ती आमची नाही, जगभरचे मॉडेलवाले ती वापरतात. वेग ताशी ३० किलोमीटर धरला तर १:८७मध्ये सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर होतात. कंट्रोलर पूर्ण फिरवला तर इंजिन याच्या कितीतरी पट धावेल. पण तसं करायचं नाही. आठ फूट जायला पंचवीस सेकंद लागतात आणि ते पंचवीस सेकंद फक्त बघायचं. रील स्क्रोल करणाऱ्या बोटांना हे किती जड जातं, ते करून बघा!

एकेरी मार्गावर ड्रायव्हरकडे टोकन असल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, ही रेल्वेची जुनी पद्धत. आमचं टोकन म्हणजे आईची जुनी बांगडी. बांगडी ज्या टोकाला, त्या टोकाचाच माणूस गाडी सोडणार. एकदा आई बांगडी मनगटात घालून कुकर बंद करायला गेली आणि तिथंच मावशीचा फोन आला. गाडी जामनेरला वीस मिनिटं उभी. मी हाका मारल्या नाहीत, नियम म्हणजे नियम. आईनं परत येऊन वहीत नोंद केली: ‘२० मि. उशीर. कारण: मावशी.’ हो, उशिराची वही आहे, आणि ती आईनं सुरू केलीय.

दुसऱ्या टोकाचा माणूस निघून जाणं ही अडचण जुनीच आहे. इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाच्या एका पाद्र्यांनी घरात ‘बकिंगहॅम ब्रँच’ नावाची शाखा बांधली आणि अनेक दशकं वेळापत्रकानुसार चालवली. त्यांचा मुलगा क्रिस्पिन त्यांच्यासोबत गाड्या चालवायचा. तो नसताना त्याचं काम कोण करणार? डेनींनी त्यासाठी चक्क एक यंत्र बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’! मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग जरा वाईट वाटलं. आम्हाला ऑटोमॅटिक दादा करावा लागला नाही, एवढं आमचं नशीब.

पण याचा उपयोग काय?

हा प्रश्न येणारच. ‘सीव्हीवर काय लिहिणार?’ असं मला एका मित्रानं विचारलंच आहे.

अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६पासून एक मॉडेल रेल्वेचा क्लब आहे. त्यात दोन तऱ्हेचे विद्यार्थी असायचे. काहींना टेबलावरचं, म्हणजे इंजिनं, डबे आणि देखावा आवडायचा. दुसऱ्यांचा जीव टेबलाखाली. तिथं टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंचं जंजाळ होतं आणि त्यावर गाड्या चालायच्या. या टेबलाखालच्या पोरांमध्ये ‘हॅक’ हा शब्द रुळला आणि पुढे तीच मुलं कॉम्प्युटरकडे वळली. तुम्ही ज्या हॅकेथॉनचा टी-शर्ट घालून फिरता, त्या शब्दाचं एक मूळ रेल्वेच्या टेबलाखाली आहे. पण खरं सांगू का, याच्यासाठी छंद करू नका. सीव्हीसाठी सुरू केलेली गोष्ट सीव्ही लिहून झाला की थांबते.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो बरोबर आहे. हा छंद स्वस्त नाही. आमच्या इंजिनात माझा इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड गेला आणि त्यात दादाचेही पैसे होते. होस्टेलच्या खोलीत तिघं राहणाऱ्याला आठ फुटांची भिंत कुठून मिळणार? म्हणून एक सांगते, आज रात्री फुकटात करता येईल असं. ‘इंगलनूक साइडिंग्ज’ नावाचं शंटिंगचं कोडं आहे, अ‍ॅलन राइट या ब्रिटिश मॉडेलकारानं रूढ केलेलं. मोठ्या कागदावर एका रुळातून फुटणारे तीन रूळ काढा. एकावर पाच डबे मावतील, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. ज्या रुळातून ते फुटतात, त्यावर इंजिन आणि फक्त तीन डबे मावले पाहिजेत. आठ काडेपेट्यांवर एक ते आठ आकडे टाका, इंजिनासाठी खोडरबर. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचला आणि त्याच क्रमानं पाच डबे लांब रुळावर लावा. उचलायचं नाही, फक्त ओढायचं आणि ढकलायचं. असे ६,७२० क्रम होतात. तुमच्या मेसचं जेवण थंड होईल, याची हमी.

सहाव्या महिन्यातला मंगळवार

आता जरा घराबाहेर बघा. आमच्या कॉलेजात दोन वर्षांपूर्वी भित्तिपत्रक सुरू झालं. पाहुणे आले, फोटो निघाले, बातमीही छापून आली. दोन अंक निघाले. आज त्या फलकावर हरवलेल्या आयकार्डांच्या नोटिसा लागतात. त्या भित्तिपत्रकाची संपादक मी होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही. तुमच्याही कॅम्पसवर असं काहीतरी असेल. वाचनकट्टा, कंपोस्टचा खड्डा, ज्युनिअर्सना शिकवायचा उपक्रम. उद्घाटनाचा फोटो सापडेल, आजचा सापडणार नाही.

सगळंच कायम चालवलं पाहिजे असं मी म्हणत नाही. गिटार मी सोडली आणि शेजाऱ्यांसकट सगळे सुखी झाले. विचार करून बंद करणं वेगळं. आपण बंद करत नाही, आपण नुसतं जायचं थांबवतो. मग त्यावर कागद साठतात, चार्जर येतो, आणि एक दिवस सगळे म्हणतात, ‘हो, असं काहीतरी होतं ना इथं.’

म्हणून पुढच्या वेळी काही सुरू कराल तेव्हा लोगो आणि नाव ठरवायच्या आधी एकच गोष्ट ठरवा: सहाव्या महिन्यातल्या मंगळवारी रात्री, टाळ्या वाजवायला कुणी नसताना, हे कोण चालवणार? दुसऱ्या टोकाला कोण बसणार? नाव सुचलं नाही तर आजूबाजूला नीट बघा. ते माणूस कदाचित आतल्या खोलीत असेल आणि त्याला अजून कुणी विचारलंच नसेल.

दिवाळीत दादा आला. आल्या आल्या कंट्रोलरकडे गेला. आईनं त्याला थांबवलं आणि उशिराची वही पुढे केली. ‘आधी हे वाच,’ म्हणाली, ‘आणि पाचोरा माझं आहे. तू जामनेरला बस.’ मला शेंदुर्णीचं फाटक मिळालं.

आमची पुढची गाडी मंगळवारी रात्री नऊ चाळीसला. बांगडी सध्या पाचोऱ्याला आहे.